शिकापदं

आई, तुझ्या फ्लेक्सवर ‘भावपूर्ण’ चुकलंय. पू दीर्घ हवा, तो ऱ्हस्व काढलाय. ‘भावपुर्ण आदरांजली’, वस्तीच्या कमानीवर, स्वारगेटकडे जाणाऱ्या बसच्या खिडकीतून वाचता येईल एवढ्या अक्षरात. मधे तुझा फोटो. तुझ्या मागे कुठल्यातरी परदेशातला धबधबा. पाणी बघायला तू खडकवासल्याच्या पुढे कधी गेली नाहीस, पण आता तो धबधबा तुझ्या डाव्या कानातून कोसळतोय. डोक्यावर ‘धम्ममाता’. खाली नऊ पुढाऱ्यांचे फोटो, तुझ्या फोटोपेक्षा थोडेसेच लहान. आणि सगळ्यात खाली, ‘शोकाकुल’च्या पुढे, ‘समस्त वस्ती’. माझं नाव नाही. मी समस्तात धरलेली आहे.

तू गेलीस त्याला आज अकरा दिवस झाले. अशा वेळी कमानीखाली उभं राहून माणसाचे डोळे भरून यावेत अशी रीत आहे. माझे डोळे आधी त्या पुवर गेले. चाळीस वर्षं छापखान्यांची मुद्रितं तपासली, दुसऱ्यांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारण्यात जन्म गेला. आता आईचं जाणंसुद्धा मला आधी शुद्धलेखनाच्या बाजूने दिसतं. हे तुला सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, ‘लिहिणाऱ्याचा भाव पूर्ण होता ना? मग पु कसा का असेना.’ आणि मी म्हणाले असते, ‘भावही अपुराच होता, नऊ फोटोंत वाटला गेला होता.’ मग तू पदर तोंडाला लावून हसली असतीस, कारण पुढाऱ्यांना हसायला तुला आवडायचं, पण ते त्यांना दिसलेलं आवडायचं नाही.

दुःखाबद्दल लिहायला मला जमेलसं वाटत नाही. दुःख सगळ्या वस्तीला झालंय. ते चहाबरोबर सगळ्यांना दिलं गेलं, माझ्या वाट्याचं मी घेतलं. मत्सर मात्र माझा एकटीचा आहे, आणि तो तू असतानाही होता. त्याबद्दल आपण एकदाही सरळ बोललो नाही. तू बोलू दिलं नाहीस असं मी म्हणेन, आणि मी विचारलं नाही असं तू म्हणशील.

सगळे तुला आई म्हणायचे. घरोघरी मुलं आईला हाक मारायला आपापला शब्द शोधतात. कुणी बाई म्हणतं, कुणी वहिनी, कुणी अक्का. माझ्यासाठी एकच शब्द होता आणि तो मी जन्मायच्या आधीच सार्वजनिक झाला होता. लहानपणी गल्लीतून ‘आई’ अशी हाक मारली की तू ओ द्यायचीस ती ‘कोण?’ अशी. कोण! मला आठवतं, सात-आठ वर्षांची असताना मी एकदा उत्तर दिलं होतं, ‘खरी.’

प्रसूतिगृहात तू आया होतीस. तीस वर्षांत किती बाळं तुझ्या पसरलेल्या पायांवर पालथी पडून अंघोळ करून गेली, कुणी मोजलेलं नाही. बसमध्ये चाळिशीचा पोट सुटलेला गृहस्थ उठून तुला जागा द्यायचा आणि मला कौतुकाने सांगायचा, ‘आईंनी मला पहिली अंघोळ घातलीय.’ मी म्हणायचे, ‘छान. नंतरच्या घेतल्या ना नियमित?’ तू मला कोपराने ढोसायचीस. पण मला पहिली अंघोळ कुणी घातली? तिथल्याच दुसऱ्या आयाबाईंनी. तू बाळंतीण होतीस, तुला उठायची परवानगी नव्हती.

‘अख्ख्या पुण्याला घातलीस, मला तेवढी नाही,’ असं मी तुला एकदा म्हटलं होतं. तेव्हा मी पन्नाशीची होते.

‘दुसरी घातली की. तिसरी घातली. दहा वर्षं रडत-ओरडत घालून घेतलीस. तुझं पहिल्यावरच काय अडलंय?’

अजून अडलंय.

नावाचंही तेच. माझं नाव सुजाता ठेवलंस. वाढदिवसाला कुणी विचारलं की अभिमानाने सांगायचीस, तपाने कृश झालेल्या सिद्धार्थाला जिने खीर दिली, तिचं नाव. म्हणजे माझी ओळखसुद्धा बुद्धांना खाऊ घालणारी बाई म्हणून. दर वैशाख पौर्णिमेला विहारात खीरदान व्हायचं. तू मोठ्या पातेल्यापाशी उभी राहून आल्यागेल्याला वाटी भरून द्यायचीस, आणि पातेलं खरवडताना मला हाक मारायचीस, ‘सुजे, ये गं, तुझ्या नावाची खीर.’ नावाची होती खरी. तळाची असायची.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, केवढी ही चिक्कू मुलगी. वाटू दे. बुद्धांचाही मला मत्सर वाटायचा, हे मी इथे पहिल्यांदाच लिहितेय. सकाळी कामावर निघण्याआधी तू पांढरं लुगडं नेसून मूर्तीसमोर बसायचीस, आणि तुझ्या चेहऱ्यावर जे यायचं ते माझ्याकडे बघताना कधी यायचं नाही. माझ्याकडे बघताना तुझ्या चेहऱ्यावर वेणी घालायची राहिलीय, डबा भरायचा राहिलाय, असलंच काही यायचं. मी पुढे खोकी भरून पुस्तकं वाचली. करुणेवर वाचली, अनित्यतेवर वाचली, समासात शिसपेन्सिलीने टिपा काढल्या. तुझ्या चेहऱ्यावर पाच मिनिटांत यायचं ते माझ्या कुठल्याच पानावर सापडलं नाही.

आणि तू ते आणायचीस चुकीचे उच्चार करून!

आपलं सगळं भांडण तर एका शब्दाचं होतं. पंचशीलाच्या पाचही ओळींच्या शेवटाकडे तो येतो. हिंसेपासून दूर राहण्याचं शील मी घेते, चोरीपासून दूर राहण्याचं शील मी घेते, असं एकेक. पालीत तो शब्द ‘सिक्खापदं’ असा आहे. तू म्हणायचीस ‘शिकापदं’. रोज, पाच वेळा, खणखणीत.

ही चूक तुझ्यापर्यंत कशी आली तेही तूच सांगितलंस. छप्पन्न साली तू अठरा वर्षांची नवी नवरी. वस्तीने एकदम धम्म घेतला. तुझ्या सासूने देव फडक्यात बांधले आणि नदीला दिले. कोनाडा रिकामा झाला, आणि तिथे आता काय ठेवायचं हे महिनाभर कुणाला ठरवता येईना. शेवटी तू तिथे कंदील ठेवलास, कारण घरात तेवढी एकच वस्तू बरी दिसणारी होती. वंदना कुणालाच येत नव्हती. रेल्वेत गँगमन असलेले एक काका कुठूनतरी दोनदा ऐकून आले होते. ते ओट्यावर बसून सांगायचे आणि बायका मागून म्हणायच्या. सिक्खापदंचं शिकापदं काकांनी केलं, की काकांना सांगणाऱ्याने, की तुझ्याच कानाने, ते आता कळायला मार्ग नाही. लिहिता-वाचता येत नव्हतं तोवर तू ते पाठ केलंस, आणि लिहिता-वाचता आलं तेव्हा पुस्तिकेत काय छापलंय ते बघायची तुला गरज वाटली नाही.

मला लहानपणी ती चूक वाटायचीच नाही. तू मूर्तीकडे तोंड करून बसायचीस आणि बाजूला पाटी घेऊन मी. पुढचं काही कळायचं नाही, वेरमणी कळायचं नाही, समादियामि कळायचं नाही. मधलं एक कळायचं. शिका. तू रोज सकाळी पाच वेळा शिका म्हणतेस आणि घरात शिकणारी मी एकटीच आहे, म्हणजे ही प्रार्थना माझ्याबद्दल आहे, अशी माझी पक्की समजूत होती. मला वाटायचं, सगळ्या आया देवाला आपल्या मुलांसाठी काही ना काही मागतात. माझी आई बुद्धांना रोज पाच वेळा बजावते, हिला शिकवा. पहिलीत पहिली आले तेव्हा मी मूर्तीला प्रगतिपुस्तक दाखवलं होतं. तू हसली होतीस. का हसलीस ते मी विचारलं नाही.

मग कॉलेजात मी पाली हा विषय घेतला. वस्तीत केवढं कौतुक झालं, आईंची लेक पाली शिकतेय! मी खरं तर धम्मासाठी घेतला नव्हता. तुझ्या खोलीत शिरायला दुसरं एखादं दार मिळतंय का, ते बघत होते. आणि पहिल्याच महिन्यात माझ्या हाती काय लागलं? तुझी चूक. त्या दिवशी मी घरी कशी आले ते मला आठवतं. जवळपास धावत.

‘आई, सिक्खापदं आहे. शिकापदं नाही.’

‘मग मी काय म्हणते?’

‘शिकापदं.’

‘तेच तर म्हणतेय मी.’

‘अगं, सि. सि-क्-खा.’

‘शि-का.’

‘आई!’

‘बरं बाई, तू म्हण तुझं. तू शिकलेली.’

इथून जे सुरू झालं ते चाळीस वर्षं चाललं. मी हडपसरच्या पुढे, मांजरी गावात राहायला गेले, दोन बस बदलून दर रविवारी यायला लागले, केस पांढरे झाले, आप्पा गेले, तरी चाललं. मी आले की तू वंदनेला बसायचीस. मी खुर्चीत पुस्तक उघडायचे. तू पहिल्या शीलापाशी यायचीस, ‘शिकापदं’. माझं पुस्तक मिटायचं. ‘आई, सिक्खा.’ ‘हो हो.’ दुसरं शील. ‘शिकापदं.’ ‘आई!’ पाचव्यापर्यंत आपण दोघी वंदना सोडून भांडतच असायचो आणि मग चहा व्हायचा.

आता तुला न सांगितलेली गोष्ट. सिक्खा म्हणजे शिकणंच. सिक्खापद म्हणजे शिकण्यासाठी घेतलेला नियम. म्हणजे अर्थाच्या बाजूने तू आणि ते गँगमन काका मुळापाशीच होतात. हे मला कॉलेजच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं. पण ते कबूल केलं असतं तर माझ्याकडे काय राहिलं असतं? तुझ्याकडे श्रद्धा होती, वस्ती होती, पुण्यातली निम्मी बाळं होती. माझ्याकडे एक शुद्ध उच्चार होता. तो मी चाळीस वर्षं हातचा सोडला नाही. आणि तो मिळवण्यात माझं काय गेलं, हेही मला उशिरा कळलं. चूक काढली त्या दिवसापासून त्या प्रार्थनेतून मी गळले. ती पुन्हा नुसती पाली झाली.

एकदा तू आठ दिवस माझ्याकडे मांजरीला राहिलीस. पावसात घर गळत होतं म्हणून. एरवी आली नसतीस. सहा वर्षांत मला शेजारच्या दारावरचं आडनाव माहीत नव्हतं. तू तिसऱ्या दिवशी वॉचमनच्या बायकोचे गुडघे चोळून देत होतीस. पाचव्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या बाई मला लिफ्टमध्ये म्हणाल्या, ‘अय्या, आई तुमच्याकडे राहतात? तो फ्लॅट आम्ही बंदच समजत होतो.’ मी त्यांना म्हटलं, ‘बंदच असतो. मी आत असते एवढंच.’

त्याच आठवड्यात एका सकाळी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते आणि आतून तुझी वंदना ऐकू आली. मला वाटलं, तू सिक्खापदं म्हणालीस. स्वच्छ, जोडाक्षरासकट. मी ओला टॉवेल हातात घेऊन दारात आले. तू माझ्याकडे पाहिलंस, पुढचं शील घेतलंस, ‘शिकापदं.’ मी म्हटलं, ‘सिक्खा.’ तू म्हणालीस, ‘टॉवेल गळतोय.’ मला वाटलं, माझेच कान.

आता प्रणालीबद्दल.

प्रणाली शेजारची. तिशीची, पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, सगळ्या जगाचं रक्त काढते आणि हसतमुख असते. तिलाही पहिली अंघोळ तूच घातलेली, हे सांगायला नकोच. गेली तीन वर्षं तुझ्या गोळ्या तिने दिल्या, तुझी नखं तिने कापली, रविवारी तू बायकांना वंदना शिकवायचीस त्या वर्गात सतरंज्या तिने घातल्या. मी रविवारी दोन तास येणारी खरी मुलगी; ती उरलेल्या वेळेची. तिच्याबद्दल मला कृतज्ञता आहे. पुष्कळ आहे. ती घशाखाली उतरत नाही, एवढंच.

त्या सकाळी तिचा फोन आला आणि मी निघाले. हडपसरपर्यंत आले तेव्हा तू गेली होतीस. मी बसच्या दांड्याला धरून उभी होते, सीट रिकामी होती तरी. तुझा हात तिच्या हातात होता. नंतर मी तिला विचारलं, शेवटचं काय म्हणाली. मला वाटलं, आता ही काहीतरी सुंदर सांगणार आणि ते मला जन्मभर सोसावं लागणार. पण पोरगी प्रामाणिक.

‘ताई, अ‍ॅक्च्युअली… पंखा बारीक कर, म्हणाल्या.’

‘आणि?’

‘मी केला.’

त्या वाक्याचाही मला मत्सर वाटतो. पंखा बारीक कर. मलाही करता आला असता.

रविवारी सकाळी विहारात पुण्यानुमोदन ठेवलं होतं, गेलेल्याच्या नावाने वंदना आणि चार शब्द. चार म्हणायचं, इतकंच. नऊ फोटोंतले एक, वॉर्डातले भाऊ, पाऊण तास उशिरा आले. त्यांच्यासाठी माइक तपासला गेला, मग ते आल्यावर पुन्हा तपासला गेला. ते म्हणाले, कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण झाली आहे. ही पोकळी मी चाळीस वर्षांत इतक्या स्मरणिकांमधून तपासून दिलीय की आता तिच्यात मला ओळखीची माणसं दिसतात. मग ते आवाज कापरा करून म्हणाले, ‘आज माझीही आई गेली.’ त्यांची आई पहिल्या रांगेत चांगली धडधाकट बसली होती. तिने शेजारणीला काहीतरी विचारलं आणि दोघी एकदम ताठ झाल्या. आई, त्या क्षणी मी शेजारी वळले, तुला सांगायला. तू नव्हतीस. मला वाटतं, तू गेलीस हे मला तेव्हा कळलं.

भाऊ गेले, गाडी गेली, गाडीमागच्या चार मोटारसायकली गेल्या. वंदना व्हायची होती आणि भंतेजी पोचले नव्हते. प्रणाली माझ्या कानाशी आली.

‘ताई, भंतेजी स्वारगेटला अडकलेत. सिग्नल बंद आहे. प्लीज, तुम्ही सांगता का वंदना? आईंच्या बायका म्हणतायत, ताईंनी सांगावी.’

‘मी?’

‘तुम्ही पाली शिकलेल्या.’

मी पुढे जाऊन बसले, सगळ्यांकडे तोंड करून. समोर पांढऱ्या साड्यांतल्या साठेक बायका. ओट्यावर बसून ज्यांना तू एकेक ओळ पाठ करून दिलीस, त्या. मी सांगायचं, त्यांनी मागून म्हणायचं. त्रिशरण नीट झालं. मग पहिलं शील. मी म्हटलं, सिक्खापदं. जोडाक्षर स्वच्छ, प्रत्येकीला ऐकू जाईल असं.

साठ बायका एका आवाजात म्हणाल्या, ‘शिकापदं.’

तुझा आवाज होता तो. तुझा ‘शि’, तुझा ‘का’वरचा ठोका. तू गेल्यापासून इतक्या दिवसांत मला तुझं काहीच सापडलं नव्हतं. लुगडी वाटून झाली होती, चष्मा प्रणालीकडे, मूर्ती विहारात. आणि हे इथे साठ जणींच्या तोंडात होतं. फक्त माझ्या तोंडात नव्हतं. तुझी चूक तू गल्लीतल्या प्रत्येकीला दिलीस, मला सोडून.

दुसरं शील. न दिलेलं घेण्यापासून दूर राहायचं ते. मी जरा मोठ्याने म्हटलं, सिक्खापदं. त्यांनीही मोठ्याने म्हटलं, शिकापदं. मनात आलं, आता आपणही त्यांच्यासारखंच म्हणावं, कुणाला कळणार आहे. जीभ वळली नाही. जे आपल्याला दिलेलंच नाही, ते आजच्या दिवशी कसं उचलायचं?

तिसऱ्याला माझा आवाज गेला. चौथ्याला, खोटं न बोलण्याच्या शीलाला, मी नुसते ओठ हलवले आणि त्यांनी ते भरून काढलं. पाचव्याला मी वर पाहिलं. पांढऱ्या साड्यांतल्या साठ बायका माझ्याकडे सरळ बघत होत्या आणि पाचव्यांदा म्हणत होत्या, शिका. मी पाटी घेऊन बसलेली नव्हते, साठी उलटलेली होते. तरी बसले होते तशीच.

नंतर सतरंज्यांच्या घड्या घालताना प्रणाली म्हणाली, ‘ताई, एक सांगू? रागावणार नाही ना?’

‘सांगून बघ.’

‘आईंना बरोबर येत होतं.’

‘काय बरोबर?’

‘तेच. सिक्खापदं. दोन वर्षांपूर्वी मी मोबाइलवर ऐकलं आणि आईंना म्हटलं, अहो, आपण चुकीचं म्हणतोय. तर म्हणाल्या, माहितीये गं. सुजी कॉलेजात असल्यापासून डोकं खातेय, मी काय दगड आहे का न यायला?’ आणि तिने तुझ्या आवाजात म्हणून दाखवलं, जोडाक्षरासकट. तुझी नक्कल तिला चांगली येते. त्याचंही मी काय करू?

‘मग चुकीचं का म्हणायची?’

प्रणालीने घडी छातीशी धरली. ‘म्हणाल्या, ती एवढ्या लांबून दोन बस बदलून येते. आली की पुस्तक उघडते. मी चुकले की मिटते.’

विहारात कुणीतरी ग्लास विसळत होतं.

‘कधीपासून येत होतं तिला?’

‘विचारलं मी. म्हणाल्या, आता आठवत नाही.’

आई, मी हे घरी आणून उलटसुलट तपासलं. तू म्हणशील, दुसरं काय येतं तुला. गॅलरीतली ती सकाळ आठवली, गळणारा टॉवेल आठवला. चाळीस वर्षांचे रविवार आठवले, माझं मिटलेलं पुस्तक आठवलं, आणि तुझ्या चेहऱ्यावर तेव्हा काय असायचं ते मी बघितलंच नव्हतं हे आठवलं. मूर्तीसमोर येतं तसं काही येत होतं का? मी तुझ्या तोंडाकडे बघत होते, उच्चारासाठी.

पण मला ओळखतेस ना तू. दुसऱ्या दिवशी माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की हे तू प्रणालीला का सांगितलंस? मला का नाही? साठ वर्षांत तू माझ्याबद्दल बोललेलं सगळ्यात गोड वाक्य मला शेजारणीकडून उसनं मिळालं, तेही सतरंजीची घडी घालताना. आणि दुसरं, तांत्रिक. बरोबर येत असताना मुद्दाम चुकीचं म्हणणं हे चौथ्या शीलात बसत नाही. रोज त्या शीलापाशीसुद्धा तू ते खुशाल करत होतीस. याचं उत्तर तुझ्याकडे असणार, आणि ते पदराआड हसण्याचं असणार. मीही तेच केलं म्हणा. तुझा शब्द अर्थाने बरोबर आहे हे मी दडवलं, तो तुला म्हणता येतो हे तू दडवलंस. दोघी एका खोलीत बसून चाळीस वर्षं एकमेकींना चहा करून देत होतो.

काल प्रणालीचा फोन आला.

‘ताई, रविवारचा वर्ग चालू ठेवायचाय. बायका विचारतायत, आता बरोबर म्हणायला शिकायचं का? तुम्ही सांगाल तसं.’

ज्या एका ‘होय’साठी मी चाळीस वर्षं भांडले ते आता माझ्या हातात होतं. एका रविवारात ती चूक पुण्यातून पुसली गेली असती.

‘नको,’ मी म्हटलं. ‘तिचंच म्हणा.’

‘आणि तुम्ही?’

‘मी येईन. चुका काढायला.’

ती हसली. मग म्हणाली, ‘ताई, पुस्तक आणू नका.’

मी आणणार आहे. नाहीतर मिटायचं काय?